चार तोळ्यांचा उजेड

ज्या वस्तूची परीक्षा डोळ्यांनी, नाकाने, बोटांनी किंवा जिभेने करता येत नाही, त्या वस्तूचा व्यापार करणारा मनुष्य एक तर संत असावा लागतो, नाही तर तो फार सुखी असतो. हापूस हुंगता येतो, वांगे दाबून पाहता येते, तांदळाचा दाणा दाताखाली धरून तो जुना की नवा हे सांगणारी वडीलधारी माणसे अजून हयात आहेत, आणि मडके घेताना त्यावर टिचकी मारण्याचा ग्राहकाचा अधिकार तर आपल्याकडे कोणत्याही कायद्यावाचून अबाधित राहिलेला आहे. परंतु विजेरीत घालावयाचा लिथियमचा स्वस्त सेल हा पदार्थ असा विलक्षण आहे की, तो हुंगला असता त्याला वास येत नाही (गोडसर वास आलाच, तर हुंगणाराने त्याला हवेशीर जागी ठेवून स्वतः लांब जावे), दाबला असता तो दबत नाही, टिचकीला उत्तर देत नाही, आणि तो चाखून पाहा अशी सूचना कोणी शहाणा मनुष्य करणार नाही. अशा स्थितीत बिचाऱ्या ग्राहकाला आधार उरतो तो एकच, आणि तो म्हणजे त्या सेलाच्या अंगावरील रंगीत वेष्टनावर छापलेला आकडा. एखाद्या खटल्यात साक्षीदार एकच असावा आणि तोही आरोपीच्या घरचा असावा, त्यातला हा प्रकार आहे.

जुन्या कोरड्या सेलांचा स्वभाव निराळा होता. जस्त आणि कर्ब यांच्या त्या दीड व्होल्टी संसारात लपवाछपवीला फारसा वाव नव्हता. विजेरीचा झोत प्रथम पांढरा पडे, काही दिवसांनी पिवळा होई, मग तांबूस होऊन पायापुरता उरे, आणि या सर्व अवधीत घरातील कर्त्या पुरुषाला नवे सेल आणण्याची आठवण देऊन, ती विसरण्याची आणि पुन्हा देण्याची भरपूर सवड घरच्या मंडळींना मिळत असे. संपलेला सेल उन्हात ठेवला म्हणजे त्याच्यात पुन्हा धुगधुगी येते, या श्रद्धेपोटी कित्येक गच्च्यांवर सांडगे-पापडांच्या शेजारी सेलांची पंगत बसलेली आम्ही पाहिली आहे. आणि त्या श्रद्धेत तथ्यही थोडेसे होते, कारण उष्णतेने आतील रासायनिक क्रिया घटकाभर वेग घेते. पेन्सिल सेल असेल, तर विजेरीतून निवृत्त झाल्यावर तो भिंतीवरच्या घड्याळात रुजू होई आणि तेथे वर्षभर अल्प वेतनावर इमानेइतबारे नोकरी करी. लिथियमच्या सेलाला ही उतरती भाजणी मान्य नाही. १४५०० नावाचा लिथियमचा एक सेल मापाने हुबेहूब पेन्सिल सेलासारखा असतो. परंतु त्याचा दाब ३.७ व्होल्टचा, म्हणजे दुपटीहून अधिक असल्यामुळे तो घड्याळात बसविला, तर वेळ कळण्याऐवजी घड्याळाचीच वेळ भरते. शिवाय हा सेल आपली दुर्बलता चेहऱ्यावर दिसू देत नाही. त्याचा दाब बराच काळ जवळजवळ समान राहतो आणि अखेरीस एकाएकी कोसळतो. त्यात संरक्षक मंडल असले, तर ते ठरावीक मर्यादेला सरळ कडी लावून घेते आणि हातात विजेरी धरलेला मनुष्य पूर्वसूचनेवाचून मिट्ट काळोखात उभा राहतो.

विजेऱ्यांच्या जगात आज ज्याची सत्ता चालते, त्या सेलाला नाव नाही, क्रमांक आहे. १८६५० म्हणजे अठरा मिलिमीटर व्यास, पासष्ट मिलिमीटर लांबी, आणि शेवटचे शून्य हा आकाराने दंडगोल आहे एवढे सांगण्यापुरते. लिथियम-आयन सेल प्रथम बाजारात आणला तो सोनी कंपनीने, १९९१ साली. आणि ज्या संशोधनावर हा सारा डोलारा उभा आहे, त्याबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा गुडइनफ महाशयांचे वय सत्त्याण्णव होते. इतक्या तपश्चर्येनंतर, आणि पॅनासोनिक, सॅमसंग, एलजी यांच्यासारख्या धनाढ्य कारखान्यांनी आपली सारी विद्या पणाला लावल्यानंतर, या अठरा मिलिमीटरांच्या डबीत विजेचा जो साठा मावू लागला, तो सुमारे ३,५०० मिलिअँपिअर-तास इतका. अगदी अलीकडे कोणी कोणी त्यापलीकडे थोडे पाऊल टाकले आहे. परंतु ते पाऊल टाकताना त्यांना किती धाप लागली, हे त्या सेलांच्या किमतीवरून कळते.

आता पुण्याच्या बुधवार पेठेतील विजेच्या सामानाच्या दुकानांतल्या काचेच्या कपाटाकडे वळावे. तेथे दीडशे रुपयांत मिळणाऱ्या सेलावर ९,९०० हा आकडा छापलेला असतो. सत्त्याण्णव वर्षांच्या ऋषीला जे साधले नाही, ते कोठल्याशा वेष्टन छापणाराने दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत साधले! अमेरिकेतील टेस्ला कंपनीच्या पहिल्या मोटारीत, म्हणजे रोडस्टरमध्ये, याच मापाचे ६,८३१ सेल बसविलेले होते. त्या बिचाऱ्यांना या पेठेतल्या पासोड्या विठोबाचा पत्ता कोणी सांगितला असता, तर तितकीच मजल सुमारे दीड हजार सेलांत मारता आली असती आणि मागच्या बाजूस आणखी दोन माणसे बसविण्यापुरती जागा निघाली असती. या आकड्याचे आणखी एक वैशिष्ट्य माझ्या फार मनात भरले आहे. तो बहुधा दहा हजार नसतो. ९,९०० असतो, ९,८०० असतो, ८,८०० असतो. जो मनुष्य तिपटीने खोटे बोलण्यास सिद्ध झाला आहे, त्याने शेवटच्या शंभरांपाशी येऊन थबकावे आणि अतिशयोक्तीचा दोष आपल्यावर येऊ नये म्हणून ते शंभर सोडून द्यावेत, यात मनुष्यस्वभावाचा केवढा सूक्ष्म अभ्यास आहे! वाटोळा आकडा पाहिला की ग्राहकाला संशय येतो. थोडा अपुरा आकडा पाहिला की कोणी तरी खरोखर मोजले असावे असे त्याला वाटते.

त्या परिसरातील दुकानांत दुपारच्या वेळी थोडे रेंगाळले, तर पुढील मासल्याचा संवाद हमखास कानांवर पडतो.

“नऊ हजार नऊशे? एवढी असते होय याच्यात?”

“लिहिलंय ना त्याच्यावर.”

“लिहिलंय खरं, पण भरेल का तेवढी?”

“काका, लिहिते कंपनी. आम्ही फक्त विकतो.”

“आणि हा साडेतीन हजारवाला चारशेला? कमी पॉवरचा असून महाग?”

“तो ओरिजिनल आहे.”

“मग हा?”

“हासुद्धा ओरिजिनलच. तो जास्त ओरिजिनल.”

या शेवटच्या वाक्यात असत्य नावालाही नाही, असे माझे मत आहे. दुकानदाराने आपल्याकडून पुरती हकीकत निवेदन केली. ती ऐकूनही काकांनी दीडशेचा सेल उचलला, कारण मनुष्याला नऊ हजार नऊशे हवे असतात आणि ते दीडशे रुपयांतच हवे असतात. वास्तविक या व्यापारात आकडा जितका नम्र, तितका माल कुलीन. अडीच-तीन हजारांचा दावा करणारा सेल पाहिला की त्याच्याविषयी आदर वाटावा. पाच हजारांचा पाहिला की पाकीट घट्ट धरावे. आणि ९,९०० चा पाहिला की त्याची खरी धारिता शोधण्याऐवजी त्याची छपाई किती रंगांत झाली आहे, एवढेच पाहून आनंद मानावा. अशा सेलांच्या नावांत ‘फायर’ हा शब्द इतक्या वारंवार येतो की, ज्या वस्तूपासून मुख्य भय आगीचेच, तिने नामकरणापुरता तरी सत्याचा आश्रय केला, याबद्दल उत्पादकांचे आभार मानावेसे वाटतात.

परीक्षेचे जे मार्ग आहेत, त्यांत सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत भारदस्त मार्ग तराजूचा. अस्सल १८६५० सेलाचे वजन पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस ग्रॅमांच्या आसपास भरते, आणि जुना तोळा ११.६६ ग्रॅमांचा होता हे ध्यानात घेता, चांगला सेल म्हणजे सुमारे चार तोळे. माझ्या पिढीच्या माणसाला ग्रॅम समजतात, परंतु पटतात ते तोळेच. तेव्हा ‘चार तोळ्यांखालचा सेल घेऊ नये’ हे सूत्र मी आप्तेष्टांना पाठ करून देतो. सोन्या मारुतीच्या चौकातल्या एखाद्या सराफाच्या पेढीवर जाऊन सेल तोलून मागावा, असा मोह कोणाला होईल. परंतु ज्या घरात एकदा केकचा प्रयोग होऊन बंद पडला आहे, त्या घरात ग्रॅम दाखविणारा इलेक्ट्रॉनिक काटा ओट्याखाली कोठे तरी असतोच, आणि तो या कामाला पुरेसा आहे. त्यावर नऊ हजार नऊशेवाले महाशय ठेवावेत. ते तीन तोळ्यांच्या आत, काही वेळा तर दोन तोळ्यांच्या जवळपास भरतात. वीज साठविणारा माल म्हणजे आत गुंडाळलेले तांब्याचे आणि ॲल्युमिनियमचे पत्रे आणि त्यांवर चढविलेले लेप. ते कमी घातले की वजन घटते, आणि वजन घटले की साठा घटतो, एवढा हा सरळ हिशेब आहे. मात्र तराजूचा निकाल एकाच बाजूने बंधनकारक समजावा. हलका सेल खोटा, हे निर्विवाद. परंतु जड सेल खरा, असे त्यावरून ठरत नाही, कारण मोठ्या डबीत लहानसा सेल आणि उरलेल्या पोकळीत कसली तरी भुकटी भरल्याची उदाहरणे कापलेल्या सेलांच्या छायाचित्रांतून प्रसिद्ध झालेली आहेत. ही खातरजमा घरी सुरी घेऊन करू नये. आतील द्रव ज्वालाग्राही असतो.

वेष्टनाच्या परीक्षेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ते पातळ प्लॅस्टिकचे असते, गरम हवेने आवळून बसते, आणि त्यावर कोणत्याही देशाचे व कोणत्याही कंपनीचे नाव छापता येते. सरकारने अशा सेलांना आयएस १६०४६ हे मानक आणि सक्तीची नोंदणी लागू केली आहे. तेव्हा अंगावर मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहावे, आणि तो असलाच तर ब्यूरोच्या दप्तरात त्याची रुजवात घालून पाहावी.

दाब मोजणारा मल्टिमीटर हा तिसरा साक्षीदार. परंतु हा इतका भोळा आहे की त्याच्या साक्षीवर कोणाला फाशी देऊ नये आणि कोणाला सोडूही नये. पूर्ण भारलेला सेल ४.२ व्होल्ट दाखवितो. हा नियम अस्सलाला लागू आहे, नकलेलाही लागू आहे. दोन तोळ्यांचा तोतयासुद्धा भारून बाहेर काढला की छाती पुढे काढून ४.२ दाखवितो. त्याची परीक्षा घ्यावयाची तर त्याला काम सांगावे लागते. विजेरी पूर्ण झोतावर लावली म्हणजे ती तीनेक अँपिअर प्रवाह मागते, आणि त्या क्षणी प्रत्येक सेलाचा अंतर्गत रोध आपला हिस्सा कापून घेतो. चांगल्या सेलाचा रोध चाळीस मिलिओहमांच्या आसपास असला, तर तीन अँपिअरला ०.१२ व्होल्टची तूट येते आणि ती कोणाच्या ध्यानातही येत नाही. निकृष्ट सेलाचा रोध दोनशे असला, तर ०.६ व्होल्ट वाटेतच गडप होतात, त्यांची उष्णता होते, आणि विजेरी उजेड पाडण्याऐवजी हात शेकू लागते. थंडीत तिचा तेवढा उपयोग होतो, हे मात्र प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

आणि शेवटी येते ते धारिता मोजण्याचे यंत्र. सेल पूर्ण भरून, नंतर ठरलेल्या प्रवाहाने रिकामा करून, किती मिलिअँपिअर-तास बाहेर पडले याचा आकडा ते दाखविते. पाचशे मिलिअँपिअरने तीन हजारांचा सेल उपसण्यास सहा तास लागतात, आणि त्यापूर्वीच्या व नंतरच्या भरणाचे तास वेगळे. आमच्या इमारतीत एक सेवानिवृत्त हिशेबतपासनीस राहतात. हयातभर इतरांच्या जमाखर्चातील तफावत शोधण्याची सवय झालेल्या या गृहस्थांना, दोनशे रुपये वाचविण्यासाठी आणलेल्या एका स्वस्त सेलाने अशी काही भूल घातली की, त्यांनी प्रथम काटा घेतला, मग मल्टिमीटर घेतला, आणि अखेरीस चार सेलांचे हे यंत्र घेतले, ज्याची किंमत उत्तम प्रतीच्या आठ-दहा सेलांइतकी होती. आता त्यांच्याकडे प्रत्येक सेलाला क्रमांक आहे, प्रत्येकाची स्वतंत्र खतावणी आहे, आणि तीत खरेदीची तारीख, वजन, रोध, वेष्टनावरील धारिता, प्रत्यक्ष वसूल धारिता आणि थकबाकी असे रकाने तांबड्या शाईने आखलेले आहेत. नऊ हजार नऊशेच्या सेलाने हजारापलीकडे काही जमा केले नाही, हे कळल्यावर त्यांच्या मुद्रेवर जे समाधान झळकले, ते एखाद्या अव्वल सेलाने कधीही दिले नसते. खऱ्या सेलाच्या परीक्षेत शोध असा काहीच लागत नाही. तो सांगितल्याप्रमाणे निघतो आणि परीक्षकाचे सहा तास फुकट जातात. एका संध्याकाळी दिवे गेले तेव्हा त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, विजेरी मागितली, तर सर्व सेल चौकशीधीन असून त्यांतील कोणताही मध्येच बाहेर काढल्यास निष्कर्ष दूषित होतील, असे त्यांना सांगण्यात आले. काकूंनी मोबाइलचा दिवा लावला आणि त्या उजेडात भाजी फोडणीला टाकली.

स्वस्त सेलांच्या या बजबजपुरीत मला ज्यांच्याविषयी मनापासून ममत्व वाटते, ते म्हणजे जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल. लॅपटॉपच्या बॅटरीत बहुधा असे सहा सेल असत. त्यांतील एखादी जोडी नादुरुस्त झाली की सबंध बॅटरी बाद ठरे, आणि उरलेले धडधाकट सेल निष्कारण वनवासात जात. त्यांच्या दोन्ही टोकांना निकेलची पट्टी उपटून काढल्याचे बारीक ठिपके आणि ओरखडे असतात. नव्या वेष्टनाच्या आतूनही ते दिसतात, आणि जाणत्या ग्राहकाला ते कुळाची खूण पटवितात. असा सेल विकणारा जर तो जुना आहे असे सांगून विकत असेल, तर त्यात गैर काही नाही. मूळचा चार तोळ्यांचा, नामांकित कारखान्यात जन्मलेला, आता दोन हजारांवर आलेला हा वृद्ध सेल, नऊ हजारांचे बिरुद मिरविणाऱ्या कोऱ्या सेलाच्या दुप्पट वेळ उजेड देतो. एवढेच की, तीन-चार अँपिअर खेचणाऱ्या दांडग्या विजेरीला त्याला जुंपू नये. तो मुळात लॅपटॉपच्या मवाळ कारकुनीवर वाढलेला असतो.

विनोद बाजूला ठेवून एक गोष्ट सांगितली पाहिजे. विजेरी ही घट्ट झाकणाची धातूची नळी असते. आतील सेल बिघडून वायू सोडू लागला आणि त्या वायूला वाट मिळाली नाही, तर त्या नळीचे काय होते, हे ज्याने दिवाळीत सुतळी बॉम्ब लावला आहे त्याला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. विशेषतः एकामागे एक दोन सेल लागणाऱ्या विजेरीत एक खरा आणि एक खोटा, किंवा एक भरलेला आणि एक अर्धा, अशी विजोड जोडी घातली, की दुबळा सेल आधी संपतो आणि सबळ सेल त्या रिकाम्या सेलातूनही प्रवाह रेटत राहतो. सुटा सेल किल्ल्या आणि नाण्यांबरोबर खिशात टाकणारे लोकही मी पाहिले आहेत. त्यांचे खिसे अद्याप शाबूत आहेत, हा केवळ पूर्वजांच्या पुण्याईचा भाग.

आणि या आकड्याची किंमत देणारा शेवटी कोण असतो? हरिश्चंद्रगडावर रात्री चढणाऱ्या तरुण मंडळींपैकी एकाची विजेरी विझली, तर दुसऱ्याची असते, आणि घरी आल्यावर त्याचा किस्सा होतो. परंतु आपल्याकडे शेतीपंपाला पाळीने रात्रीची वीज येते, तेव्हा मध्यरात्री बांधावरून एकटा जाऊन मोटार सुरू करणारा शेतकरी, आठवड्याच्या बाजारात पथारीवरून घेतलेल्या चार्जिंगच्या बॅटरीच्या भरवशावर पाऊल टाकत असतो. उसाच्या पाचटात घोणस आहे की नुसती काटकी आहे, हे त्याला दोन पावले आधी दिसले पाहिजे. जुन्नरच्या बाजूला तर उसातून बिबट्याचे डोळेही दिसावे लागतात. त्याच्या हातातील सेलावर ९,९०० लिहिलेले असते, आणि दारे धरण्यास तास-दोन तास झाले न झाले तोच तो विझतो. या माणसाला यंत्रे, रोध आणि खतावण्या सांगून उपयोग नाही. त्याला चार तोळ्यांचे सूत्र सांगावे. ते त्याच्या ताबडतोब ध्यानात येते आणि बाजारात कोणी तरी तराजूवाला शेजारीच बसलेला असतो.

परीक्षेत नापास झालेल्या सेलांचे काय करावे, हा प्रश्न आमच्या हिशेबतपासनिसांपुढे अलीकडे उभा राहिला. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ते अधिकृत संकलनाकडे गेले पाहिजेत, हे त्यांना नियमाच्या कलमासह ठाऊक होते. परंतु संकलन केंद्राचा शोध जारी असतानाच काकूंनी खणातील सारा ऐवज जिन्याखाली आणून ठेवला. रद्दीसाठी आलेल्या भंगारवाल्याने त्याकडे पाहिले. हिशेबतपासनीस काकांनी खतावणी उघडून एकेका सेलाचा इतिहास, दावा आणि थकबाकी वाचून दाखविण्यास आरंभ केला. भंगारवाल्याने तो अदबीने दोन सेलांपर्यंत ऐकला, मग पिशवीतून काटा काढला, सगळे सेल एकदम पारड्यात ओतले आणि म्हणाला, “काका, लय हलका माल आहे. कोणी दिला तुम्हाला?”